काचघरातला पिवळा बिल्ला

१

खेळ संपल्याची घंटा झाली, लपलेली माणसं कोपऱ्याकोपऱ्यांतून कपडे झटकत बाहेर आली, आणि एक आजोबा तेवढे आलेच नाहीत.

मला हे कळलं तेव्हा मी गाद्यांच्या दुकानात, नमुन्यासाठी मांडलेल्या पलंगावर, दुलई डोक्यावरून घेऊन घोरत होते. लपायला म्हणून शिरले आणि डोळा लागला. वन्संनी येऊन दुलई ओढली आणि एक माणूस कमी भरतोय, ऊठ, म्हणाल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता निवृत्त झाल्या, पण समोरच्याच्या बोलण्यात भोक कुठे आहे ते बघायची सवय जाते थोडीच. लग्न होऊन मी त्या घरात आले त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं की चहा आवडला नाही तर दुसरा कप का मागितलास. तेव्हापासून मी त्यांच्याशी खोटं बोलायच्या भानगडीत पडत नाही.

आमच्या शहराला टुमा काढायचा भारी नाद. पर्यटन कचेरीतल्या ज्या बाई या टुमा काढतात त्यांना सगळे टूमबाईच म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. पुलापासून बाजारापर्यंत उलट्या पावलांनी चालत जायची एक सहल आहे, म्हणजे गाव मागून येतं आणि हळूहळू तुमच्यासमोर पसरत जातं. ग्रंथालयाच्या तळघरात कुणीतरी तुम्हाला झोप लागेपर्यंत पुस्तक वाचून दाखवतं आणि तुम्ही ज्या ओळीवर झोपलात तिथे खूण घालून ठेवतं. पाहुणे लांबून येतात, गावातले लोकही रांग लावतात.

पण सगळ्यांत लाडकी टूम म्हणजे मोठ्यांची लपाछपी. थंडीतल्या सुट्टीच्या दुपारी, धुकं उतरलं की जुन्या पेठेत खेळतात. कारंज्याच्या भिंतीला तोंड लावून तिघंजण आकडे म्हणतात, त्यांच्यावर राज्य. बाकीचे लपतात. दुकानदार दारं उघडी ठेवतात आणि काही न बघितल्यासारखं करतात. मग पेठ अशी काही गप्प होते की पाण्याचा आवाजसुद्धा दबकत येतो. मोठ्या माणसाला लपायला मिळणं ही काय चैन आहे हे लपल्याशिवाय कळत नाही. फोन नाही, हाका नाहीत, कुणाला काही हवं नाही. कुणीतरी आपल्याला शोधतंय एवढंच ठाऊक असतं आणि तेवढं पुरतं.

नियम एकच. नुसता दिसला म्हणून माणूस सापडत नाही. खांद्यावर हात ठेवून 'सापडलात' म्हणावं लागतं, तेव्हाच तो सापडला. टूमबाई या नियमाला पक्क्या.

कारंज्यापाशी आलो तर एक तरुण बाई पर्स छातीशी धरून उभी होती, आजोबांची लेक. पेशाने नर्स. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते.

"त्यांची दुपारची गोळी माझ्याकडे राहिलीय," ती म्हणाली. "हृदयाची. अंधार पडायच्या आत घ्यायलाच हवी."

२

अंधार पडायला फार वेळ नव्हता. धुकं दाटत चाललं होतं आणि समोरच्या इमारतींच्या वरच्या खिडक्या केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. आजोबांच्या घरी कुणी नव्हतं, शेजारणीने फोनवर तसं सांगितलं होतं. लोक गल्ल्यागल्ल्यांतून हाका मारत फिरत होते. धुक्यातून त्या हाका परत यायच्या तेव्हा वाटायचं, शहरच कुणालातरी झोपेत हाका मारतंय.

वन्सं कारंज्याच्या कठड्यावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ऐकताना त्या नेहमी डोळे मिटतात. नवख्या माणसाला वाटतं म्हातारी झोपली. मलाही कधीकधी वाटतं, आणि कधीकधी ते खरंही असतं.

लेक सांगत होती. वडील ट्रामवर कंडक्टर होते, निवृत्त झाले. आई गेल्यापासून लेकीकडे राहतात. हृदय अशक्त, गुडघा दुखरा, पायऱ्या चढायच्या नाहीत, धावायचं नाही, थंडीत बाहेर पडायचं नाही. आज खेळायचा हट्ट धरला म्हणून आणलं. येताना नाकातोंडावरून मफलर घट्ट गुंडाळला, दोनदा गाठ मारली.

वन्संनी तिला विचारलं की घरात काही वादावादी झाली होती का. ती घुटमळली. सकाळी नवऱ्याशी वाजलं होतं, बाबांवरूनच. कशावरून ते तिने सांगितलं नाही. आज राज्य असलेल्या तिघांत तिचा नवराही होता, हे मात्र तिने स्वतःहून सांगितलं, आणि वर हळूच म्हणाली की त्यांना नीट विचारा, ते फारसं बोलत नाहीत.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. सासरा घरात, जावई अबोल, सकाळी भांडण. अशा गोष्टी कुठे जातात ते मी पुस्तकांतून पुष्कळ वाचलंय.

तेवढ्यात टूमबाई बागेकडून धापा टाकत आल्या. बागेतल्या काचघरात, झाडांमागच्या बाकावर, आजोबांचा बिल्ला सापडला होता. प्रत्येक खेळाडूच्या छातीवर कापडाचा गोल बिल्ला लावतात, तो. पळताना पडला असेल, कुणी ओढला असेल, असं काहीबाही लोक बोलायला लागले.

"पडलेला नव्हता," टूमबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला. "बाकाच्या पाठीला टाचून ठेवलाय. सरळ. जागा राखल्यासारखा."

३

काचघर बागेच्या टोकाला आहे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत पाऊल टाकलं की उबदार, ओलं, हिरवं काहीतरी अंगावर येतं. पानं माणसापेक्षा मोठी. काचांवर आतून दमट वाफ, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. मला तर तिथे शिरल्याबरोबर आपण अजून गाद्यांच्या दुकानात झोपलोय आणि हे सगळं दुलईखाली चाललंय असं वाटायला लागलं.

बाक अगदी मागे, रुंद पानांच्या आड. लपायला याहून झकास जागा पेठेत नसेल. बाकाखाली बाळाचा इवलासा मोजा पडला होता, तो वन्संनी उचलून घेतला. बिल्ला बाकाच्या पाठीला टाचलेला होता. पिवळा. वन्संनी आधी तो बघितला, मग माझ्या छातीवरचा बघितला. माझा निळा होता, त्यांचाही निळा. त्यांनी टूमबाईंना विचारलं की पिवळे वेगळे का. टूमबाईंनी कापड कमी पडल्याचं काहीतरी सांगितलं आणि पानांकडे बघायला लागल्या. वन्संचे डोळे मिटले.

मग त्यांनी मला बाकावर बसायला लावलं आणि शेजारच्या काचेकडे बघ म्हणाल्या. सगळ्या काचघरात वाफेने झाकलेल्या काचा, आणि या एकाच काचेवर बोटाने पुसून केलेलं बांगडीएवढं भोक. लपलेला माणूस बाहेर डोकवायला करतो तसं. त्याच्या शेजारी त्याहून मोठं, तळहाताने पुसलेलं. आणि त्याच्या पलीकडची काच तर पूर्णच्या पूर्ण पुसलेली, वरपासून खालपर्यंत. तिच्यातून बागेची वाट दिसत होती, आणि वाटेवरून बघितलं तर मी दिसत असणार.

मी म्हटलं, म्हणजे त्यांना बाहेर कुणीतरी दिसलं, भीती वाटली, मदतीसाठी काच पुसली.

वन्संनी मान हलवली. भ्यायलेला माणूस दाराकडे धावतो, म्हणाल्या. या माणसाने बसून, सावकाश, कडा घासून काच पुसलीय.

"मग?"

"मग काय. हा लपलेला माणूस आपण दिसावं म्हणून धडपडत होता," वन्सं म्हणाल्या. "ते तिघं कुठे आहेत?"

४

तिघांना काचघरातच बोलावलं. प्रत्येकाला वेगवेगळं, बाकी लोक दाराबाहेर.

पहिला आला तो पेठेतला चष्मेवाला. गोल, गोड, बोलका माणूस. दरवर्षी हौसेने राज्य घेतो. वन्संनी त्याला विचारलं, आजोबा सापडले का. तो म्हणाला, नाही हो, सापडले असते तर मी लगेच सांगितलं नसतं का. जीव हळहळतो म्हणाला, भला माणूस. मग उगाच बोलत राहिला. त्यांनी चष्म्याची काच बदलायला हवी, म्हणाला, ती नवी काच आली आहे ना, तिच्यावर वाफ धरत नाही. त्यांना बिचाऱ्यांना दोन्ही भिंगं पांढरी झाल्यावर काय दिसणार, सारखी रुमालाने पुसायची.

दुसरी आली ती पाहुणी. परगावची दातांची डॉक्टर, चार दिवसांच्या सुट्टीला आलेली, आदल्या दिवशी उलटी चालून दमलेली. तिनेही तेच सांगितलं. मला नाही सापडले. फार गोड हसतात हो ते, म्हणाली, आणि कवळी इतकी चांगली बसलेली क्वचित बघायला मिळते, कुणी केली ते विचारायचं राहिलं. वन्संचे डोळे मिटलेलेच होते.

तिसरा जावई. फर्निचर करतो. उंच, खांदे पुढे झुकलेले, बोलण्यात काटकसर. सापडले का, विचारल्यावर "नाही," म्हणाला आणि पुढे एक अक्षर नाही. तोंडात मूग गिळून उभा. पण त्याच्या कोटाच्या कोपरावर ओलं शेवाळ लागलेलं होतं आणि तसलंच शेवाळ बाकामागच्या खांबाला होतं, ते मी माझ्या या डोळ्यांनी बघितलं.

तो बाहेर गेला आणि मी वन्संचा हात धरला. मला काही अगदीच काही कळत नाही असं नाही. थंड हवेतून उबेत आलं की चष्म्यावर वाफ धरते. म्हणजे चष्मेवाल्याने त्यांना इथे, या काचघरात बघितलं. कारंज्यापाशी तर आजोबांचं नाकतोंड मफलरमध्ये होतं, लेकीने दोनदा गाठ मारली होती. म्हणजे हसताना त्यांची कवळी पाहुणीला दिसली ती इथेच, उकडायला लागल्यावर त्यांनी मफलर सोडला तेव्हा. आणि जावयाचं तर शेवाळ बोलत होतं. तिघंही इथे आले होते, तिघंही त्यांच्यासमोर उभे राहिले होते, आणि तिघंही नाही म्हणत होते.

"वन्सं, तिघं मिळालेले आहेत," मी म्हटलं. "तिघं खोटं बोलतायत."

वन्संनी डोळे उघडले. काचेच्या छतावर धुकं टेकलं होतं आणि आतली हिरवाई काळपट होत चालली होती.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तिघंही अगदी खरं बोलतायत. तेच तर वाईट झालंय."

५

बाहेर येऊन त्या कुणाशी न बोलता सरळ बागेच्या फाटकापाशी चहाच्या टपरीकडे गेल्या. मी मागून. तिथे एक तरुण बाप बाळाला झोळीसारखं छातीशी बांधून दुधाची बाटली गरम करून घेत होता. आम्ही आख्खी पेठ पालथी घातली, पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, कारण त्याच्यावर राज्य नव्हतं आणि बाळ किरकिरत होतं म्हणून तो आधीच खेळ सोडून आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्याच्या छातीवर निळा बिल्ला होता. बाळाच्या दुपट्यावरही एक बिल्ला होता.

पिवळा.

वन्संनी तो मोजा त्याच्या हातात ठेवला आणि एवढंच विचारलं, की काचघरात तुमच्याबरोबर जे आजोबा लपले होते त्यांनी बाळाच्या बिल्ल्याबद्दल काही विचारलं का. तो चकितच झाला. हो, विचारलं होतं. फार वेळ बाळाला खेळवत होते. मग म्हणाले, आमचा दोघांचा रंग सारखा कसा. त्याला काय माहीत, त्याने हसत सांगून टाकलं की बाळ लिंबूटिंबू आहे, टूमबाई लिंबूटिंबूंना पिवळा देतात.

मला पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. तुम्हालाही नसेल. कुठल्याही गल्लीत लहानपण गेलेल्या माणसाला लिंबूटिंबू म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. धाकटं भावंड, नीट पळता येत नाही, पण हट्ट करून खेळात आलेलं. त्याला खेळू द्यायचं, पण धरायचं नाही. ते समोर उभं राहिलं तरी ते दिसलं नाही असं करायचं. त्याच्यावर कधी राज्य येत नाही. ते आनंदाने धावत असतं आणि आपण खेळात आहोत असं एकट्या त्यालाच वाटत असतं.

आजोबा काय म्हणाले मग, मी विचारलं.

"हसले," बाळाचा बाप म्हणाला. "मग बाळाच्या बिल्ल्यावर बोट फिरवत बसले. बाळ रडायला लागलं म्हणून मी निघालो, तेव्हा ते काच पुसत होते."

वन्संनी सगळ्यांना कारंज्यापाशी गोळा केलं. टूमबाई, चष्मेवाला, पाहुणी, जावई, लेक. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि त्यांचा मऊ आवाज मला रागापेक्षा जड जातो.

"मघाशी मी चुकीचं विचारलं," त्या म्हणाल्या. "सापडले का, असं विचारलं. आता नीट विचारते. आजोबा दिसले का?"

कारंज्याचं पाणी तेवढं बोलत होतं. शेवटी ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तोच बोलला.

"दिसले," जावई म्हणाला. "मी त्यांच्या खांद्यापर्यंत हात नेला होता. पण हिला शब्द दिला होता."

मग सगळ्यांचेच बांध फुटले. चष्मेवाला बघून, हात हलवून पुढे गेला होता. पाहुणी तर दोनदा गेली होती, दुसऱ्या वेळी आजोबा काच पुसून तिच्याकडे बघत उभेच होते, आणि तिने आपला चेहरा दुसरीकडे वळवला होता. तिला वाटलं आपण किती समजूतदार. राज्य घेतानाच टूमबाईंनी तिघांना कानात सांगितलं होतं की पिवळा बिल्ला दिसला तर धरायचं नाही. आणि टूमबाईंना ते लेकीनेच सांगितलं होतं, बाबांना त्रास नको, धावाधाव नको, हृदय आहे. त्यावरूनच सकाळी घरात वाजलं होतं. जावई म्हणत होता की एक तर त्यांना खेळायला नेऊ नकोस, नाहीतर खरं खेळू दे. मी ज्याच्यावर संशय घेऊन बसले होते तो एकटाच सासऱ्याच्या बाजूचा निघाला. मला माझी लाज वाटली, पण मी ती गिळली, कारण लेकीकडे बघवत नव्हतं.

"मी त्यांच्या भल्यासाठीच केलं," ती म्हणाली. मग कठड्यावर बसली आणि रडली. गोळीची पुडी तिच्या मुठीत चुरगळली होती. "आता कुठे शोधू त्यांना? बाबा हरवले हो."

६

"हरवले नाहीत," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं आता ही डुलकी काढायची वेळ नव्हे, आणि मी कोपर मारणार तेवढ्यात त्या मिटल्या डोळ्यांनीच बोलायला लागल्या, झोपेत बोलावं तसं संथ.

हरवलेल्या वस्तूला कुणी बघत नाही, म्हणाल्या. ही गोष्ट वेगळी आहे. एखादी वस्तू समोर पडलेली आहे. येणारे जाणारे सगळे तिला बघतात. भली माणसं आहेत, लाथ मारत नाहीत, बाजूने जातात. पण ती माझी म्हणून हात कुणी लावत नाही. ट्रामच्या बाकावर राहिलेल्या छत्रीचं असंच होतं. दिवसभर लोक तिच्या शेजारी बसतात, उठतात. संध्याकाळी शेवटच्या थांब्यावर तिला हात कोण लावतं?

"कंडक्टर," लेक म्हणाली. रडणं थांबलं होतं.

"आणि तो ती कुठे नेऊन देतो?"

ट्रामचं आगार बागेपासून लांब नाही. आम्ही निघालो तेव्हा धुक्यात रूळ तेवढे दिसत होते आणि त्यांच्या कडेकडेने आम्ही सगळे एकामागे एक, न बोलता. ट्राम येत होत्या त्याही तशाच, आधी घंटा, मग एक पिवळट उजेड, मग लांबच लांब खिडक्या आणि त्यांत डोळे मिटून बसलेली माणसं, आणि मग पुन्हा काही नाही. लेक पुढे होती. जावई तिच्या मागे, एक हात तिच्या पाठीशी, लावलेला नाही पण तयार.

आगाराच्या भिंतीला एक लहान खिडकी आहे. वर पाटी, 'हरवले-सापडले'. खिडकीमागे एक जाडजूड कारकून छत्रीच्या मोडलेल्या काडीला दोरा बांधत बसला होता. त्याच्या मागे मांडण्यांवर टोप्या, हातमोजे, कुणाची तरी कुबडी, एक सारंगीची पेटी, आणि छत्र्या, छत्र्या, छत्र्या. त्या सगळ्यांच्या मधे एका स्टुलावर, आमच्याकडे पाठ करून, मफलर मांडीवर घेऊन आजोबा बसले होते.

लेकीच्या तोंडून 'बाबा' निघालं. पाठ हलली नाही. ती दाराकडे धावली तर कारकुनाने खिडकीतूनच हात आडवा केला. माणूस मुळीच थट्टा करत नव्हता. निदान चेहऱ्यावरून तरी नाही.

"असं नाही नेता येत," तो म्हणाला. "जमा झालेली वस्तू आहे. वर्णन सांगा, जुळलं तर देतो. हा नियम यांनीच मला शिकवलाय."

लेक नर्स आहे. वर्णन सांगणं तिचं रोजचं काम. तिने एका दमात सांगितलं. वय झालेले, अंगाने बारीक, उजवा गुडघा दुखरा, हृदय अशक्त, रक्तदाब, दुपारची गोळी राहिलेली, सर्दी चटकन होते, मीठ चालत नाही.

कारकुनाने मागे वळून बघितलं. मग मान हलवली. अशी वर्णनं पुष्कळ जुळतात, म्हणाला, यावर मी कुणालाही कुणी देऊन बसेन. खूण सांगा. दुसऱ्या कुणाला माहीत नसेल अशी.

तिने खिडकीचा कठडा धरला. आम्ही सगळे मागे उभे होतो आणि कुणाचाच कुणाला धक्का लागत नव्हता. मला वाटलं आता हिला काही आठवणार नाही. इतकी वर्षं गोळ्या आणि गुडघा बघितल्यावर माणसाचं काय आठवणार.

"ट्राममध्ये जागा रिकामी असली तरी ते बसत नाहीत," ती म्हणाली. "सवय नाही म्हणतात. शीळ घालतात, पण घरात कुणी नसेल तेव्हाच, आणि चूक झाली तर पहिल्यापासून घालतात. पत्ते खेळतात."

ती थांबली.

"पत्त्यांत त्यांनी मला कधी जिंकू दिलं नाही. मी एवढीशी होते. हरले की भोकाड पसरायचे. आई म्हणायची, लहान आहे हो ती, सोडा एखादा डाव. तर हे म्हणायचे..."

पुढचं तिला बोलता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला.

"हे म्हणायचे, सोडलेला डाव तिला कळेल."

एक ट्राम आगारात आली, थांबली, तिचे दिवे गेले. छत्र्यांमधली पाठ हलली. आजोबा गुडघ्यावर हात ठेवून उठले, सावकाश खिडकीपाशी आले आणि कारकुनाला म्हणाले, "द्या हो. हिचीच आहे वस्तू."

कारकुनाने अर्धं दार उघडलं. लेकीने आधी काय केलं असेल तर गोळी पुढे केली, आणि आजोबांनी ती पाण्याशिवाय गिळून टाकली, तोंड वाकडं करून. मग ती त्यांच्या छातीवर डोकं टेकवून उभी राहिली. बाबा, चुकले मी, असं काहीतरी ती कोटात तोंड खुपसून म्हणाली. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि मफलर तिच्याच गळ्यात घातला.

"ते राहू दे," आजोबा म्हणाले. "राज्य कोणावर आहे ते सांग."

"माझ्यावर," लेक म्हणाली.

तिने नाक पुसलं, वळली, आगाराच्या भिंतीला कपाळ टेकवलं, डोळ्यांवर दोन्ही हात घेतले आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागली. आजोबांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि निघाले. गुडघा दुखत होता ते दिसत होतं. उभ्या ट्रामच्या पायरीवर पाय ठेवताना त्यांना जोर लागला, आणि जावई नकळत पुढे सरकला, तर वन्संनी त्याची बाही घट्ट धरून ठेवली. मग ट्रामच्या पलीकडच्या दाराने ते उतरले की आतच राहिले ते धुक्यात मला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

आकडे संपले. लेक वळली. तिने आधी ट्रामच्या खाली वाकून बघितलं, मग मांडण्यांमागे, मग रूळ ओलांडून पलीकडे गेली. दिवे लागले तरी ती हाका न मारता, डोळे फाडफाडून शोधत होती, आणि तिचे बाबा तिला खरोखरच सापडत नव्हते.